निवडणूक खर्चाचे हिशेब कोण वाचणार?

विंचूरच्या उपबाजारात कांदा विकून परतणारा शेतकरी हातातील हिशेबपट्टी दोनदा वाचतो. वजन किती धरले, भाव काय लागला, हमाली, तोलाई आणि वाराई म्हणून किती कापले, याबाबत त्याला फसविणे सोपे नाही. याच कपातीच्या वादातून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमधील लिलाव बंद पडले होते. अशा हिशेबी माणसांच्या गावात दर पाच वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक होते, उमेदवार आपल्या खर्चाचे हिशेब निफाडच्या तहसील कचेरीत दाखल करतात, आणि ते कागद सहसा कोणी मागत नाही, कोणी वाचत नाही. पन्नास रुपयांच्या कपातीवर हुज्जत घालणारा मतदार सत्ता कोणत्या पैशावर उभी राहिली याचा हिशेब मात्र विचारीत नाही. ही उदासीनता धनदांडग्यांच्या पथ्यावर पडते, म्हणून तिचा विचार कार्यकर्त्यांनी गंभीरपणे केला पाहिजे.

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब अन्वये, ठरलेल्या मुदतीत व ठरलेल्या रीतीने खर्चाचा हिशेब न देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविता येते. निकालानंतर हिशेबासाठी ३० दिवसांची मुदत असते. राज्य निवडणूक आयोगाने २०१७ साली खर्चाच्या मर्यादा ठरविल्या, तेव्हा पंधरा ते सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवारास ५० हजार, तर थेट निवडून द्यावयाच्या सरपंचपदाच्या उमेदवारास १ लाख ७५ हजार रुपये खर्च करण्याची मुभा होती. मर्यादा आहे, मुदत आहे, शिक्षाही आहे. नाही ती केवळ तपासणी.

या व्यवस्थेचा खरा दोष येथेच आहे. हिशेब आला की नाही, हे कचेरी पाहते. तो खरा आहे की नाही, हे पाहण्याची इच्छा आणि यंत्रणा तिच्यापाशी क्वचितच असते. परिणामी शिक्षा कोणाला होते? राखीव जागेवर प्रथमच उभी राहिलेली शेतमजूर स्त्री, पराभवानंतर पुन्हा मजुरीला गेलेला तरुण, ज्याला कागद कोणत्या खिडकीवर द्यावयाचा हेही कोणी सांगितले नाही असा उमेदवार, हे अपात्र ठरतात. ज्याच्या पदरी लेखनिक आणि वकील आहे तो मर्यादेच्या थोडा आत बसणारा नीटनेटका हिशेब वेळेवर देतो आणि सन्मानाने खुर्चीवर बसतो. नांदेड जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे बजावले की, पाच वर्षांची अपात्रता यांत्रिकपणे लादता कामा नये. दोषाचे गांभीर्य पाहून तिचा काळ ठरविला पाहिजे. हा निकाल न्याय्यच आहे. परंतु त्याने उशीर करणाऱ्यास दिलासा मिळाला, तरी खोटे लिहिणाऱ्यास पकडण्याचे काम उरतेच.

ते काम किती निकडीचे आहे हे दाखविणारे उदाहरण विंचूरपासून दूर नाही. याच जिल्ह्यात, देवळा तालुक्यातील उमराणे येथे डिसेंबर २०२० मध्ये सरपंचपदासाठी जाहीर बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाख रुपयांवर गेली. पैसा गावच्या मंदिरासाठी आहे, असे सांगितले गेले. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीची निवडणूक रद्द केली. जेथे सदस्यपदाच्या उमेदवारास फार तर ५० हजार रुपये खर्च करावयाचे, तेथे दोन कोटींची बोली लागते! आणि ही बोली उघड लागली, तिची चित्रफीत पसरली, म्हणूनच आयोगाला कारवाई करता आली. बंद दाराआड होणाऱ्या व्यवहारांची नोंद कोठे होत असेल?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षांचे केंद्रीय अनुदान थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर देण्याची तजवीज केली, आणि गावच्या सत्तेचे मोल वाढले. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्हच होती. पण जेथे निधी येतो तेथे कंत्राट येते, आणि जेथे कंत्राट येते तेथे निवडणूक ही भांडवली गुंतवणूक ठरते. गुंतविलेला पैसा रस्त्याच्या खडीतून, गटाराच्या सिमेंटमधून आणि पाणीयोजनेच्या नळातून वसूल होतो. निवडणुकीचा खोटा हिशेब हा म्हणूनच केवळ नीतीचा प्रश्न नाही. तो गरिबांवर बसविलेला छुपा कर आहे. नियंत्रित भावाची वस्तू तपासणीअभावी काळ्या बाजारात जावी, तशी खर्चाची मर्यादा तपासणीअभावी काळ्या पैशाला वाट करून देते.

हा रोग वरून खाली आला आहे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला. त्याच महिन्यात अध्यादेश काढून सरकारने तो निष्प्रभ केला. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या गडाख-विखे खटल्यात, १९९३ साली, न्यायालयाला पुन्हा याच पळवाटेवर बोट ठेवावे लागले. पुढे २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना आली आणि देणगीदाराचे नाव झाकण्याला कायद्याचेच संरक्षण मिळाले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली, ती मतदाराच्या माहितीच्या हक्काचाच आधार घेऊन.

हिशेबाचे कागद वाचल्याने काय साधते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून निवडून आलेले तत्कालीन मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण यांनी वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखविला होता. श्री. पी. साईनाथ यांनी हा आकडा आणि त्या दिवसांत वृत्तपत्रांतून त्यांच्या गौरवार्थ निघालेली पानेच्या पाने शेजारी शेजारी मांडली, आणि विकल्या गेलेल्या बातम्यांचा प्रश्न देशापुढे आला. श्री. चव्हाण यांनी आरोप नाकारले. निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्दही केला. परंतु त्याआधी, मे २०१४ मध्ये, हिशेब वेळेवर आला एवढ्यावर न थांबता तो खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. हा लाभ पुढच्या प्रत्येक मतदाराचा आहे.

विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराचे खर्चपत्र कोणीही एक रुपया भरून पाहू शकतो, अशी तरतूद निवडणूक नियमांच्या ८८ व्या नियमात आहे. ग्रामपंचायतीच्या हिशेबांसाठी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग खुला आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, नकार मिळाल्यास अपील. मात्र हा मार्ग अरुंद होत चालला आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी माहितीपुरतेच पूर्वी ते कलम होते. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द लिहून अर्ज फेटाळता येईल. त्यातच राज्य माहिती आयोगापुढील प्रलंबित प्रकरणे २०२३ आणि २०२४ मध्ये एक लाखाच्या वर होती. म्हणून अर्जदाराने दोन गोष्टी ठामपणे मांडाव्यात. कायद्याच्या आज्ञेने सार्वजनिक अधिकाऱ्यापुढे सादर केलेला निवडणूक खर्च हा कोणाचा खासगी संसार नव्हे. आणि व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) अद्याप शाबूत आहे.

माहितीचा अधिकार खंडणीसाठी वापरला जातो, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. त्यावर उपाय एकच: मागणी उघड करावी आणि मिळालेली माहितीही उघड करावी. एकट्या अर्जदारावर दडपण येते. तळेगावचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली, हे विसरून चालणार नाही. म्हणून अर्ज एका नागरिकाच्या नावाने गेला तरी त्यामागे गावातील दहा-वीस माणसे उभी असली पाहिजेत.

कार्यकर्त्यांपुढील कार्यक्रम साधा आहे. प्रचाराच्या काळात सभा, गाड्या, मंडप, जेवणावळी आणि फलक यांची वही ठेवावी. बाजारभावाने त्यांची किंमत मांडावी. निकालानंतर तीस दिवस लोटताच सर्व उमेदवारांचे हिशेब मागावेत, आपल्या उमेदवारासह. दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि तफावत दिसल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. ज्या गरीब उमेदवाराला हिशेब लिहिता येत नाही, त्याला तो कोणत्याही पक्षाचा असला तरी मदत करावी. आणि राज्य निवडणूक आयोगाकडे एकमुखाने मागणी करावी की, प्रत्येक उमेदवाराचा हिशेब अर्जाची वाट न पाहता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलाच पाहिजे.

यातील पहिले पाऊल मात्र कोणाच्याही परवानगीवाचून टाकता येते. समाजवादी उमेदवाराने स्वतःचा हिशेब, देणगीदारांच्या नावांसह, स्वतःहून चावडीवर लावावा. जो आपला हिशेब लोकांपुढे ठेवतो, त्यालाच दुसऱ्याचा मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो.