मुक्काम, बिऱ्हाड आणि चियांग माय

नोकरी पुण्यातील किंवा न्यूयॉर्कमधील, पगार तिथलाच, आणि बसण्याची जागा मात्र आशियातील मनाला येईल त्या शहरात, ही गोष्ट २०२० नंतर नवलाईची राहिलेली नाही. भाषांतर, संपादन, मजकूरलेखन अशी कामे करणारे आमचे काही माजी विद्यार्थीही या विचारात आहेत. शहर निवडण्याची त्यांची रीत ठरलेली असते. एक तक्ता करायचा. त्यात घरभाडे, आंतरजालाचा वेग, व्हिसाची मुदत, हवामान, शाकाहारी जेवणाची सोय असे रकाने पाडायचे आणि गुण द्यायचे. ज्याची बेरीज अधिक ते शहर पसंत. जुन्या घरांतून लग्नाच्या स्थळांची वही अशीच ठेवली जाई.

तक्ता वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. भाडे परवडले पाहिजे आणि तार तुटता कामा नये, हे कोण नाकारील? आमची तक्रार आहे ती न पाडलेल्या रकान्यांविषयी. त्या शहरात बोलली जाणारी भाषा आपल्याला येईल का, निदान यावी असे वाटेल का, हा प्रश्न तक्त्यात सहसा नसतो. आपण गेल्याने तिथल्या भाडेकरूचे काय होईल, हाही नसतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी हे दोन प्रश्न आधी विचारावेत, असे आम्हांस वाटते.

मराठीत परगावी राहण्याला एकच एक शब्द नाही, हे आपले भाग्य. ‘मुक्काम’ हा प्रवासातला टप्पा. ‘वस्ती’ रात्रीपुरतीही असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचीही. ‘बिऱ्हाड’ मात्र भांड्याकुंड्यांसह थाटावे लागते. त्याला घरमालक लागतो, शेजार लागतो, उधारी देणारा वाणी लागतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण लॅपटॉप पाठीवर टाकून हिंडणाऱ्याला आज जशीच्या तशी लागू पडते. पण तिच्यातला उपरोध विसरून चालणार नाही. पाठीवर मावते त्याला आपण उपहासानेच बिऱ्हाड म्हणतो.

आता चियांग माय घेऊ, कारण अशा प्रत्येक तक्त्यात हे शहर वरच्या क्रमांकावर असते. इ. स. १२९६ मध्ये मंगराय राजाने वसवलेली ही लान्ना राज्याची राजधानी. नावाचा अर्थच ‘नवे शहर’. चौकोनी खंदक, विटांच्या तटाचे अवशेष, पश्चिमेला दोई सुथेपचा डोंगर. भाडे बँकॉकच्या मानाने कमी, आणि निम्मानहेमिन रस्त्याच्या परिसरात कॉफीच्या दुकानांची इतकी दाटी की तिथे बसून काम करणे हाच एक व्यवसाय वाटावा. थायलंडने २०२४ च्या जुलैमध्ये पाच वर्षांचा नवा व्हिसा आणला. पाच लाख बाट शिल्लक दाखवा, एका वेळी १८० दिवस राहा, काम परदेशी मालकाचे करा. स्थानिक नोकरीचा हक्क त्यात नाही आणि कायमच्या रहिवासाची वाटही नाही. कायदाच सांगतो की तुम्ही मुक्कामाला आला आहात. हे एका परीने प्रामाणिक आहे.

परंतु फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर थायलंडवर धूर उतरतो. शेतातील पालापाचोळा, मक्याची ताटे आणि जंगल पेटवल्याचा हा धूर. काही सीमेपलीकडून येतो आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात कोंडून राहतो. त्या आठवड्यांत जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग मायचे नाव अनेकदा अग्रभागी असते. तेव्हा पाठीवर बिऱ्हाड असलेली मंडळी काय करतात? दक्षिणेला समुद्राकाठी जातात. त्यांच्या तक्त्यात ‘हवामान’ या रकान्यापुढे एक तारांकन असते आणि तळाशी टीप की हे तीन महिने टाळावेत. तिथे ज्यांचे घर आहे त्यांना ही तळटीप उपलब्ध नाही. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०२४ च्या जानेवारीत चियांग मायच्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला नव्वद दिवसांत उपाययोजनेचा आराखडा करण्यास सांगितले. रहिवासी आणि मुक्कामी यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसेल, आम्हांस ठाऊक नाही. ज्याने त्या शहरात धुराचे तीन महिने काढले नाहीत, त्याने ‘मी चियांग मायला राहत होतो’ असे म्हणू नये. फार तर ‘जात होतो’ म्हणावे.

थाई भाषा अवघड आहे, हे खरे. पाच स्वर, स्वर चुकला की शब्द दुसराच. पण मराठी माणसाला तिथे उगाच परके वाटण्याचे कारण नाही. थाईत भाषेला ‘फासा’, आहाराला ‘आहान’ आणि वेळेला ‘वेला’ म्हणतात. शिक्षकाला ‘आचान’ म्हणतात, म्हणजे आपला आचार्य. (आमच्या महाविद्यालयात हा शब्द आता उपरोधाशिवाय वापरता येत नाही. असो.) कॉफी मागण्यापुरती इंग्रजी चालते म्हणून वर्षानुवर्षे ‘वेला’पर्यंतही न पोहोचणारी माणसे तिथे आहेत.

लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ या काळात मंडालेत राहावे लागले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे ‘गीतारहस्य’ लिहून काढले. मराठी माणसाने आशियातील एका शहरात बसून दूरच्या वाचकासाठी केलेले हे सर्वांत मोठे काम असेल. त्यात मंडाले शहर दिसत नाही; दिसणार कसे, ते तुरुंगात होते. आजच्या लेखकाला दार उघडे आहे, तरी त्याच्या लेखनात शहर येत नाही. येते ते टेबल आणि खिडकीबाहेरचे झाड. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ आठवा. तो पाहुण्याचा ग्रंथ आहे आणि पाहुणेपण लपवीत नाही. पाहुणा निदान यजमानाकडे पाहतो. वर्षभर राहूनही यजमान कोण हे ठाऊक नसणे, ही अवस्था आमच्या प्रवासवर्णनांना अपरिचित होती.

तर मग शहर कोणते? आम्हांला विचाराल तर आमचे मत पिनांगच्या जॉर्ज टाउनला आहे. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वसवलेले हे बंदर. मलय भाषेत शहरालाच ‘बंदर’ म्हणतात. तोच फारसी शब्द आपल्या कोकणातही उतरला. नगराचे तिथे ‘नगारा’ होऊन त्याचा अर्थ ‘देश’ झाला आणि कार्याचे ‘कर्जा’ होऊन ‘काम’ झाला. (मराठी नोकरदाराला हा उच्चार अगदीच अनोळखी वाटणार नाही!) लिपी रोमन, स्वरांची कसरत नाही, रोज तासभर दिला तर वर्षात वर्तमानपत्राचे मथळे कळावेत. एकाच परिसरात कपितान केलिंग मशीद, महामारीअम्मन देऊळ, सेंट जॉर्ज चर्च आणि कुआन यिनचे मंदिर. रस्त्यावर तमिळ, हॉक्किएन आणि मलय. बहुभाषिकतेवर परिसंवाद घेण्यापेक्षा तिथल्या बाजारात भाजी घेणे अधिक उपयोगाचे. घड्याळाचेही पाहा. आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे पुण्यातली दहाची कचेरी तिथे साडेबाराला सुरू होते आणि सारी सकाळ हाती राहते. न्यूयॉर्कची नोकरी असेल तर मात्र तिथले सकाळचे नऊ म्हणजे पिनांगचे रात्रीचे नऊ, हिवाळ्यात दहा. अशांनी कोणत्याच शहरात राहून काही पाहण्याची आशा धरू नये. मलेशियाचा २०२२ पासूनचा परवाना तीन ते बारा महिन्यांचा असून वाढवता येतो. संगणकक्षेत्रातल्यांना वार्षिक २४ हजार डॉलर मिळकत दाखवावी लागते. इतरांना बरीच अधिक. म्हणजे आमच्या बहुतेक संपादक-अनुवादकांना हे दार अरुंदच आहे. ते अरुंद असण्यावर आमचा आक्षेप आहे, शहरावर नाही.

दुसरा प्रश्न इथेही सुटत नाही. जॉर्ज टाउनच्या जुन्या दुकानघरांत खाली धंदा आणि वर कुटुंब अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, कारण भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बांधलेली होती. हा कायदा रद्द करण्याचे १९९७ मध्ये ठरले आणि २००० च्या प्रारंभी नियंत्रण उठले. शेकड्यांनी कुटुंबे बाहेर पडली. २००८ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा तो वारसा चालवणारी कित्येक माणसे तिथून गेलेली होती. त्या रिकाम्या माड्यांवर आता उपाहारगृहे आणि लहान हॉटेले आहेत. मुंबईत गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले वा वाचले आहे, त्यांना या कथेतील पात्रे ओळखीची वाटतील. म्हणून आमचा सल्ला असा की वारशाच्या हद्दीतली सजवलेली माडी भाड्याने घेऊ नये. आयर इताम किंवा जेलुतोंग अशा, स्थानिक लोक राहतात त्या भागात साधा फ्लॅट पाहावा, आणि तोही महिन्याच्या नव्हे तर वर्षाच्या कराराने. याने भाडेवाढीतला आपला वाटा शून्य होत नाही, कमी होतो. जे याहून अधिक काटेकोर असतील त्यांनी घरीच बसावे, हे आम्हांला मान्य आहे.

आणि जाणाऱ्याने शाहनोन अहमद यांची ‘रांजाउ सपांजांग जालान’ ही १९६६ ची कादंबरी सोबत न्यावी. मलय येईपर्यंत इंग्रजी अनुवाद चालेल. लाहुमाच्या पायात रुतलेला एक काटा, ती चिघळत जाणारी जखम, आणि भातखाचरात एकटी पडलेली त्याची बायको जेहा. आपल्या ग्रामीण कादंबरीच्या कोणत्याही वाचकाला ती परकी वाटणार नाही. तिच्यातली भातशेती केडा राज्यातली. पिनांगहून फेरीने बटरवर्थला उतरावे आणि उत्तरेची आगगाडी धरावी.