अणूचे अंतरंग आणि गावची शाळा

अणूची ओळख शाळेत इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व न्यूट्रॉन या तीन नावांनी होते. मुले ती पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्यापुढचे कणविज्ञान अवघड गणिताचे व महागड्या यंत्रांचे, म्हणून ते थोड्यांसाठी, अशी समजूत रूढ आहे. ती तपासून पाहिली पाहिजे.

काचेची बरणी, तिच्या वरच्या भागात अल्कोहोलने भिजवलेले जाड कापड, तळाशी काळा पत्रा, त्याखाली कोरडा बर्फ आणि बाजूने विजेरीचा झोत. एवढ्या सामग्रीवर बाष्पकोठी, म्हणजेच क्लाउड चेंबर, उभी राहते. मूळ कल्पना चार्ल्स विल्सन यांची. तिच्यासाठी त्यांना १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही मिनिटांत धुक्यात पांढऱ्या रेषा उमटतात. त्यांतल्या कित्येक विश्वकिरणांतून निपजलेल्या कणांच्या वाटा असतात. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला सुमारे शंभर म्यूऑन जातात. सावकाराच्या तळहातातून जितके, तितकेच शेतमजुराच्या. म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सव्वादोनपट. तेवढ्यात प्रकाशदेखील ६६० मीटरच जाईल. मग दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेला म्यूऑन जमिनीवर पोहोचतो कसा? हा प्रश्न मुलाने विचारला की सापेक्षतेचे दार आपोआप उघडते.

हे शास्त्र भारताला परके नाही. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. ती खोली खाणकामगारांच्या पिढ्यांनी खणली होती. २०१७ पासून भारत ‘सर्न’चा सहयोगी सदस्य आहे, त्याची वर्गणी जनतेच्या पैशातून जाते. खर्च सर्वांचा आणि ज्ञान मात्र मूठभरांचे, ही वाटणी अन्यायाची आहे.

छप्पर गळते तेथे क्वार्क कशाला, असा आक्षेप येईल. छपराची मागणी रास्तच आहे. परंतु गरिबांच्या मुलांना फक्त उपयोगाचे शिकवावे आणि कुतूहल सुखवस्तूंसाठी राखून ठेवावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मात्र क्वार्कांच्या सहा नावांची आणखी एक यादी पाठ करवून घेतली, तर मूळ दुखणेच वाढेल. आधी रेषा दिसावी, मग प्रश्न पडावा, नाव शेवटी यावे.

तालुक्याला एक बाष्पकोठी आणि ती चालवू शकणारे चार शिक्षक, ही मागणी मोठी नाही. शाळा व्यवस्थापन समित्यांत बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती गळक्या छपराच्या मागणीबरोबरच, त्याच अर्जात मांडावी.