शेवटची इच्छा लिहून ठेवा

माझी मैत्रीण नेहमी म्हणायची, "मी गेले की मला टेकडीवरच्या आंब्याखाली ठेवा गं." ती गेली, आणि रक्षा सावडताना वडीलधारे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" लेक मात्र ठाम राहिली. अस्थी नाशिकला रामकुंडात गेल्या, राख आंब्याखाली.

मला विचाराल, तर यात धर्म काही बुडाला नाही. पंडित नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात मूठभर रक्षा गंगेत आणि बाकीची शेतांवर विखुरायला सांगितली होती. १९६४ मध्ये तसंच झालं. आपल्याकडेही काही गावांत राख नदीत न सोडता खड्ड्यात घालून वर झाड लावतात. फक्त एक करा. राखेत क्षार फार, एकाच जागी ढीग घातला तर मुळांना त्रास होतो. भरपूर मातीत मिसळून पसरा. प्लास्टिकची पिशवी तिथे टाकू नका.

आज भाजी कुठली करू, हेसुद्धा आपण घरच्यांना विचारून ठरवतो. मग मैत्रिणींनो, निदान ही एक इच्छा तरी स्वतःची असू द्या. आजच कागदावर लिहा आणि लेकीला, सुनेला, मैत्रिणीला सांगून ठेवा. नुसतं मनात ठेवलेलं तेव्हा कोण ऐकणार?