कोसाइन कुठे लिहायचा?

तिरक्या फळीवरचा ठोकळा दिसला की वहीत हात आपोआप लिहून जातो : आधारबल बरोबर वजन गुणिले कोसाइन. दरवर्षी पाहतो मी हे. फळी गुळगुळीत असून ठोकळा फळीला समांतर दोरीने धरला असेल, तर हे बरोबरच आहे. पण तोच ठोकळा क्षितिजसमांतर दोरीने धरला तर? आता दोरी ठोकळ्याला फळीवर दाबतेही, म्हणून आधारबल वजन भागिले कोसाइन इतके होते. उतार ६० अंशांचा असेल, तर पहिले उत्तर वजनाच्या निम्मे, दुसरे दुप्पट!

माझे स्पष्ट मत असे, की बलांचे घटक ही पाठ करण्याची गोष्टच नव्हे. वस्तू एकटी काढा, तिच्यावरची सगळी बले बाणांनी दाखवा, मग सोयीच्या दोन काटकोनी दिशा निवडा. आणि एकदा घटक काढले, की मूळ बल खोडा. पुष्कळजण तिन्ही मोजतात!

दौंड जंक्शनच्या फलाटावरून कधी वर पाहिले आहे का? (फलाटावरूनच पाहा; त्या तारांत २५,००० व्होल्ट असतात.) रुळांवर दोन तारा दिसतील. वरची झोल खाल्लेली, खालची तिला टांगलेली आणि जवळजवळ सरळ. इंजिनाला खालचीच हवी असते, मग वरचीचे काम काय? सरळ ताणलेल्या तारेच्या ताणाला ऊर्ध्व घटकच नसतो. वजन पेलायचे तर तारेला थोडे तरी तिरके व्हावेच लागते. ते तिरकेपण वरची तार पत्करते. दोन खांबांत ७२ मीटर अंतर असेल, तर दोन्ही तारांचे वजन सुमारे ११० किलो भरते. म्हणजे प्रत्येक टोकाला ऊर्ध्व घटक ५५ किलोंचा, आणि वरच्या तारेतला ताण मात्र १००० किलोंचा! भागाकार करून पाहा : टोकाशी तार क्षितिजाशी जेमतेम ३ अंशांचा कोन करते.

शिरूरला रेल्वे नाही, पण वाळत घालायची दोरी घरोघरी आहे. तिच्या मधोमध ४ किलोंचे ओले घोंगडे टाका. दोन्ही बाजूंना दोरी ५ अंश खाली आली, तर ताण जवळजवळ २३ किलोंचा होतो. झोल नको म्हणून आणखी आवळाल, तर आणखी जास्त. मागच्या खेपेला खुंटी का उपटली, ते आता आईला आकृती काढून सांगा.