भाजक घटला, म्हणून प्रगती?

आर्थिक वर्ष संपले, की शासनाच्या आरोग्ययंत्रणेला आपल्या प्रगतीचा आढावा घेण्याचे स्मरण होते. इतके बाह्यरुग्ण तपासले, इतक्या प्रसूती रुग्णालयात झाल्या, लसीकरणाचे इतके टक्के उद्दिष्ट गाठले. तक्ते तयार होतात, सत्कार होतात आणि वर्ष सुफळ संपूर्ण होते. हे आकडे खोटे आहेत, असा माझा आरोप नाही. ते खरे असूनही लोकांची फसवणूक करू शकतात, हा माझा आरोप आहे. आणि आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने तो सोदाहरण सिद्ध केला पाहिजे.

उदाहरण आमच्या सिंधुदुर्गाचेच घेऊ. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. सारा महाराष्ट्र वाढत असता हा जिल्हा एकोणीस हजारांनी घटला. जन्मदर उतरला हे खरे. परंतु या घटीत मुंबईची वाट धरलेल्या तरुणांचा वाटा मोठा आहे. आता गणित पाहा. दर हजारी खाटा आणि दर हजारी डॉक्टर हा एक भागाकार आहे. माणसे गाव सोडून गेली की भाजक घटतो आणि एकही खाट न वाढविता, एकही डॉक्टर न नेमता भागाकार वाढतो. म्हणजे बेकारीने लादलेले स्थलांतर आरोग्यखात्याच्या खाती प्रगती म्हणून जमा होते!

निकषांचेही तेच. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी दंडक आहे. हा दंडक डोकी मोजतो. मध्ये आडवी येणारी खाडी मोजत नाही, घाटी मोजत नाही, वयही मोजत नाही. मागे उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रक्तदाब, मधुमेह आणि अर्धांगवायू यांनी ग्रासले आहे, आणि आढाव्याची नजर अजून मुख्यत्वे बाळबाळंतिणींवर खिळलेली आहे.

कुणकेश्वरी महाशिवरात्रीच्या यात्रेत आरोग्यपथके येतात, रुग्णवाहिका सज्ज असतात. उत्तम. यात्रा उठली की पथकेही उठतात. गेल्या पावसाळ्यात येथून जवळच्या एका वाडीतील वृद्धेला रात्री अर्धांगाचा झटका आला. पहिल्या सरकारी दवाखान्यात तिचा रक्तदाब मोजून पुढे नेण्याची चिठ्ठी मिळाली. दुसऱ्या ठिकाणीही चिठ्ठीच मिळाली. गोव्यात पोहोचेतो उजाडले. जीव वाचला, उजवा हात गेला. गाडीभाड्यासाठी मुलाने कलमांच्या बागेवर उचल घेतली. वार्षिक आढाव्यात ही बाई दोनदा नोंदली गेली असेल, दोन ठिकाणी तपासलेली रुग्ण म्हणून. दोन नकारांची बेरीज दोन सेवा अशी झाली!

हे नवे नाही. १९७६-७७ साली, आणीबाणीत, देशभर ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट काम झाले. तक्त्यात त्याहून मोठे यश कोणते? जनतेने त्या यशाचा निवाडा मार्च १९७७ मध्ये मतपेटीतून दिला.

कोणी म्हणेल, आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, चिंता कसली? विम्याने शस्त्रक्रियेचे बिल भागते; आरोग्य केंद्रातील रिकामी खुर्ची भरत नाही, आणि रक्तदाबाची रोजची गोळी वाडीवर पोहोचत नाही. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा शासनाने बांबोळीला परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. आपल्या जिल्ह्याचे प्राण शेजारच्या राज्याच्या दारात टांगलेले आहेत, हे त्या दिवशी उघड झाले. पुढे जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याचे स्वागत आहे. पण माथ्यावर कळस चढला म्हणून पाया आपोआप भरत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचलला. कलमांवरची उचल ती हीच.

आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांच्यावर माझा रोष नाही. तुटपुंज्या मोबदल्यात उन्हापावसात वाड्या तुडविणाऱ्या या स्त्रियांच्या खांद्यावरच सारा डोलारा उभा आहे. त्यांच्या श्रमाचे आकडे वर जातात आणि श्रेय वरचे घेतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आढाव्यात चार रकाने वाढविण्याचा आग्रह धरावा: किती पदे किती महिने रिक्त राहिली, किती रुग्ण उपचाराविना पुढे धाडले, ते कोठे व किती वेळात पोहोचले, त्यांच्या पदरचे किती गेले. आणि हा आढावा साहेबांच्या दालनात नव्हे, ग्रामसभेत वाचला जावा. ही मागणी अव्यवहार्य नाही. २००७ पासून याच महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत अधिकाऱ्यांना खेडुतांसमोर उभे राहून उत्तरे द्यावी लागली. तेथे जे घडले, ते कुणकेश्वरात का घडू नये?

जमाखर्च ज्याच्या पैशाचा, त्याच्यासमोर तो वाचला गेला पाहिजे. येत्या ग्रामसभेत कोणी तरी उभे राहून हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या सभेत चाळीस जणांनी उभे राहावे.