युरोपात हॉटेल निवडताना आधी स्टेशन शोधा
चाकणच्या जर्मन कंपन्यांमुळे पिंपरी-चिंचवडकरांना युरोप तसा नवा नाही. पण कंपनीच्या खर्चाने जाणे वेगळे आणि टूरवाल्याशिवाय घरच्यांना घेऊन जाणे वेगळे. पहिल्या खेपेला नजर जाते ती हॉटेलच्या दरावर. माझ्या मते आधी नकाशा उघडावा. पुणे पाहायला आलेल्या पाहुण्याने स्वस्त म्हणून चाकणला खोली घेतली, तर शनिवारवाडा गाठेपर्यंत त्याचे काय होईल, हे आपल्याला कुणी सांगायला नको! उलट व्हेनिसबाहेरचे मेस्त्रे स्वस्तही पडते आणि रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे. म्हणजे किलोमीटर मोजू नका. स्टेशनपासून पायी किती आणि रात्रीची शेवटची गाडी कधी, ते पाहा. जुन्या इमारतींत अनेकदा लिफ्ट नसते. आई-बाबा सोबत असतील तर विचारूनच घ्या.

बुकिंग रद्द करता येणारेच हवे. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो आणि व्हिसा मिळेलच असे नाही. पर्यटनासाठी ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखा असेल तर जिथे आधी उतरणार तिथे. त्यामुळे रात्रींचा हिशेब आधी, तिकिटे नंतर.

आणि गूगल मॅप्स ऑफलाइन उतरवून निर्धास्त राहू नका. त्यात गाडीचा रस्ता मिळतो. मेट्रो-ट्रामचा नाही, पायी जायचाही नाही. स्टेशन ते हॉटेल मार्गाचा स्क्रीनशॉट इथूनच काढून न्या.