जुन्या कॉम्प्युटरमधले फोटो मध्येच का अडकतात?

घरोघरी एक जुना कॉम्प्युटर असतोच. मुंजीचे फोटो, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, आजोबांनी स्कॅन करून ठेवलेली घराची कागदपत्रं, सगळं त्यातच. नवा लॅपटॉप आला की घरातल्या तरुण मंडळींना हमखास सांगितलं जातं, ‘ते जुनं सगळं यात घे रे.’ दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतात. जुन्यातलं फोल्डर शेअर करायचं, नव्यात ओढून टाकायचं, झालं काम! पण हिरवी पट्टी चाळीस टक्क्यांवर थांबते आणि एरर येते. काय आलं, काय राहिलं, काही कळत नाही.

अशा वेळी माउसपेक्षा कमांडने केलेली कॉपी जास्त भरवशाची. विंडोजमध्ये त्यासाठी ‘रोबोकॉपी’ नावाची कमांड आहे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजसोबतच येते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. अडचण एवढीच, की काळ्या पडद्यावर नुसता आकडा उमटतो आणि आपण खिडकी बंद करून टाकतो. खरं तर तो आकडाच आपल्याला कुठे बघायचं ते सांगत असतो.

एक सूचना आधीच. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना मात्र अक्षरं आणि आकडे इंग्रजी वापरा. रोबोकॉपीचं स्पेलिंग आर-ओ-बी-ओ-सी-ओ-पी-वाय. नेटवर्कचा पत्ता दोन उलट्या तिरक्या रेघांनी (\\) सुरू होतो आणि सूचना एका सरळ तिरक्या रेघेने (/). निम्म्या चुका या रेघांच्याच असतात.

एरर ५३ आणि ६७ : पत्ता सापडत नाही

५३ म्हणजे त्या नावाचं मशीन नेटवर्कवर दिसलंच नाही. आधी साध्या गोष्टी बघा. जुना कॉम्प्युटर झोपी गेला आहे का? लॅपटॉप चुकून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर आहे का? जुन्या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘पब्लिक’ निवडलेलं असेल, तर विंडोज सहसा शेअरिंगचं दार बंद ठेवतं. घरच्या वायफायसाठी ते ‘प्रायव्हेट’ करा.

तरीही नाव ओळखलं जात नसेल, तर जुन्या मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा बहुतेक घरांत दिसेल. नावाच्या जागी तोच आकडा लिहा. तो चालला, तर गडबड फक्त नावाची होती.

६७ आली तर बहुतेक वेळा मशीनचं नाव बरोबर असतं आणि शेअरचं नाव चुकलेलं असतं. फोल्डरचं नाव ‘फोटो २०१२’ आणि शेअरचं नाव नुसतं ‘फोटो’, असंही असू शकतं. पत्त्यात शेअरचं नाव लागतं.

एरर ५, ८६ आणि १३२६ : घर सापडलं, किल्ली चुकली

८६ आणि १३२६ आली, की समजा युजरचं नाव किंवा पासवर्ड जुळत नाही. इथे बरेच जण एकाच ठिकाणी अडखळतात. कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो आणि तोच नेटवर्कवरही टाकतो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून जाताना खात्याचा खरा पासवर्डच लागतो. खातं आजोबांच्या नावाने असेल, तर पासवर्डही त्यांनाच विचारा. त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर तो असण्याची शक्यता मोठी!

५ म्हणजे परवानगी नाही. शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात, एक शेअरिंगचं आणि दुसरं फोल्डरच्या सुरक्षेचं. दोन्हींतलं जे कडक, तेच लागू होतं. म्हणून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी हे दोन्ही टॅब तपासा.

१२१९ ही एरर त्या मशीनशी दुसऱ्या युजरच्या नावाने आधीच जोडणी झाली असेल तर येते. ‘नेट यूज’ लिहून एंटर दाबा, चालू जोडण्यांची यादी येईल. नको ती जोडणी तोडा आणि पुन्हा प्रयत्न करा.

झेड ड्राइव्ह दिसतो, पण कमांडला सापडत नाही

शेअरला ‘झेड’ असं ड्राइव्हचं अक्षर दिलेलं असतं, फाइल एक्सप्लोररमध्ये ते दिसतं आणि कमांड मात्र ‘असा ड्राइव्हच नाही’ म्हणते. कारण कमांडची खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेली असते. विंडोज त्या खिडकीला वेगळं सत्र मानतं आणि एका सत्रातली ड्राइव्हची अक्षरं दुसऱ्यात दिसत नाहीत. साधी खिडकी उघडा किंवा अक्षराऐवजी पूर्ण पत्ता लिहा.

आता खरी कमांड

रोबोकॉपी "\\जुनापीसी\फोटो" "डी:\जुने फोटो" /ई /झेड /आर:३ /डब्ल्यू:५

आधी कुठून, मग कुठे. नावात मोकळी जागा असेल तर दुहेरी अवतरण चिन्हं हवीतच, पण बंद होणाऱ्या चिन्हाच्या आधी उलटी रेघ ठेवू नका. तसं केलं तर रोबोकॉपी पुढचं सगळं त्याच नावात धरते आणि गोंधळ होतो.

ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामीसुद्धा. झेड म्हणजे मोठी फाइल मध्ये तुटली तर जिथे थांबली तिथून पुढे. आर म्हणजे अडलेल्या फाइलसाठी किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा आणि डब्ल्यू म्हणजे मध्ये किती सेकंद थांबायचं. हे शेवटचे दोन आकडे विसरू नका. ते दिले नाहीत, तर रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी, तब्बल १० लाख वेळा प्रयत्न करते. हिशोब केला तर एका फाइलसाठी जवळपास वर्ष! ‘कमांड अडकली’ असं वाटतं, तेव्हा ती कित्येकदा इमानदारीने वाट बघत असते.

मध्येच एरर ६४ आली तर जोडणी तुटली असं समजा. वायफाय सावरू द्या आणि तीच कमांड पुन्हा द्या. आकार आणि वेळ जुळणाऱ्या फाइल्स ती आपणहून वगळते, आधीची मेहनत वाया जात नाही. शक्य असेल तर दोन्ही मशीन राउटरला केबलने जोडा आणि काम संपेपर्यंत दोघांचंही स्लीप बंद ठेवा.

दोन धोके

पहिला धोका /एमआयआर या सूचनेचा. इंटरनेटवर ती सर्रास सुचवली जाते. तिचा अर्थ ‘हुबेहूब प्रतिबिंब’. म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते नव्या जागेतूनही पुसलं जातं. पत्ता चुकून रिकाम्या फोल्डरचा दिला, तर नव्या जागेतले सगळे फोटो जातील आणि ते रिसायकल बिनमध्येही सापडणार नाहीत. घरच्या कामाला /ई पुरेसं आहे. शंका असेल तर शेवटी /एल जोडा. मग काय होणार याची फक्त यादी येते, प्रत्यक्षात काहीच हलत नाही.

दुसरा धोका एरर २३ किंवा १११७ चा. हा दोष वायफायचा नसतो, बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. पुन्हापुन्हा कमांड देऊन तिला दमवू नका. सगळ्यात महत्त्वाची फोल्डरं आधी, एकेक करून घ्या. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

मशीन विंडोज एक्सपीचं असेल तर

एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त सगळ्यात जुनी पद्धत येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय हल्ल्याने त्याच पद्धतीतल्या त्रुटीचा फायदा घेतला होता. त्याच वर्षाअखेरच्या विंडोज १० पासून ती सुरुवातीला बंदच असते. फोटोंसाठी ती मुद्दाम सुरू करू नका. जुन्या मशीनला पेन ड्राइव्ह लावा. मात्र तो एफएटी३२ प्रकारचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ नेमके तिथेच अडतात.

झालं, असं कधी म्हणायचं?

कमांड संपली की खाली एक तक्ता येतो. त्यात ‘फेल्ड’ या रकान्यात शून्य हवं. शून्य नसेल तर वर सरकून कोणती फाइल राहिली आणि कोणता आकडा आला ते बघा. मग आठ-दहा फोटो उघडा, मोठा व्हिडिओ अगदी शेवटापर्यंत पळवून बघा. सगळं नीट असेल तर जुन्या फोल्डरचं शेअरिंग बंद करा.

आणि लॅपटॉपवर सगळं आलं म्हणून जुना कॉम्प्युटर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. आधी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत काढा, ती कपाटात ठेवा, आणि कुठे ठेवली ते घरात किमान दोघांना तरी सांगून ठेवा.